शेजाऱ्याला येशूबद्दल सांगायचं तर: साध्या ख्रिस्ती माणसासाठी

रविवारी पाळकसाहेब वेदीवरून "साक्ष द्या" म्हणतात आणि आपण मोठ्याने "आमेन" म्हणतो. सोमवारी सकाळी जिन्यात शेजारच्या वहिनी विचारतात, "काल सकाळी सकाळी सगळे नटूनथटून कुठे निघाला होता हो?" आपण "चर्चला" एवढंच म्हणतो आणि पिशवी उचलून वर जातो. मी पंधरा-वीस वर्षं हेच करत होते. विश्वास होता, प्रार्थना होती, शब्बाथशाळेत मुलांना शिकवतही होते. फक्त मंडळीबाहेरच्या माणसाशी बोलायची वेळ आली की जीभ उचलत नसे.

याच्या उलट वागणारेही आपल्यात आहेत. बसमध्ये शेजारी बसलेल्याच्या हातात पत्रक कोंबतात, दवाखान्यात अनोळखी खाटेपाशी उभे राहून मोठ्याने प्रार्थना करतात. न बोलणारे आणि कोंबणारे, दोघांसाठीही हा लेख आहे. मी पाळक नाही, सुवार्तिकही नाही. नगर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत एकतीस वर्षं शिकवलं आणि आता पुण्याच्या उपनगरातल्या एका सोसायटीत राहते. जे करून पाहिलं आणि जे चुकलं, तेच इथे लिहिते आहे.

मार्काच्या पाचव्या अध्यायात कबरस्तानात राहणारा, साखळदंड तोडणारा एक माणूस आहे. येशूने त्याला बरं केल्यावर तो म्हणतो, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. येशू त्याला नेत नाही. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं, तुझ्यावर कशी दया केली ते सांग, असं म्हणतो. त्या माणसाचं ना शिक्षण झालेलं, ना त्याला शास्त्र पाठ. त्याच्याजवळ स्वतःची एक हकिकत होती आणि ओळखीची माणसं होती. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ या दोन गोष्टी आहेतच.

पुढचं सगळं एका कसोटीवर घासून पाहा: आपण जे बोलतो किंवा करतो आहोत त्याला समोरचा माणूस न घाबरता, न ओशाळता "नाही" म्हणू शकतो का? म्हणू शकत असेल तर पुढे जा. नसेल, तर तिथेच थांबा.

आधी चिठ्ठी

बायबलच्या मागच्या पानावर चिकटेल एवढी चिठ्ठी घ्या आणि तिच्यावर तीन किंवा चार नावं लिहा, जास्त नकोत. रोज भेटणारी, ज्यांच्या घरी विनाकारण जाता येतं अशी माणसं निवडा. रोज त्यांची नावं घेऊन प्रार्थना करा, पण "याला विश्वासात आण" एवढीच नको. त्यांच्या मुलाची बारावी, सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन, नवऱ्याची सुटलेली नोकरी, हे सगळं प्रार्थनेत येऊ द्या. महिनाभर असं केलंत की आपण त्या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतो. "ऑपरेशन कसं झालं?" हे मग आपसूक विचारलं जातं, कारण आपण खरोखर वाट पाहत असतो.

चिठ्ठीत कोणाचं नाव नसावं, हेही सांगते, कारण इथे मी फार कडक आहे. आपल्या हाताखालची माणसं तिच्यात नकोत. घरकामाला येणाऱ्या मावशी, आपल्या वर्गातली मुलं, भाडेकरू, आपल्याकडून उसने पैसे नेलेला माणूस, आपल्या वॉर्डातला रुग्ण. त्यांच्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण विषय आपण काढायचा नाही. महिन्याचा पगार आपल्या हातून घेणाऱ्या मावशी आपल्याला "नाही" कशा म्हणतील? त्या मान डोलावतील आणि आपल्याला वाटेल सुवार्ता पोचली. त्यांनी आपणहून विचारलं तर विचारलं तेवढ्याचं सरळ उत्तर द्यावं. एकतीस वर्षांत मी शाळेच्या एकाही मुलाशी या विषयावर बोलले नाही, आणि त्याची मला खंत नाही. स्टाफरूममध्ये बरोबरीच्या शिक्षकांशी मात्र बोलले.

ताटाची ये-जा

आपल्याकडे शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. हा रिवाज माझ्या मते साक्षीची पहिली पायरी आहे. नाताळात आमच्या नगरकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळे असा दिवाळीसारखाच फराळ होतो. वसईकडे आणि गोव्यात वेगळं काही असेल. ते ताट मजल्यावरच्या प्रत्येक घरी गेलं पाहिजे आणि मुलाच्या हाती न पाठवता आपण स्वतः न्यायला हवं. दारात दोन मिनिटं उभं राहून "आमचा नाताळ, येशूचा जन्म" एवढं म्हणालात तरी त्या दिवसापुरतं पुरेसं आहे.

दिवाळीचं ताट त्यांच्याकडून आलं की आनंदाने घ्या. गणपतीचा आणि प्रसादाचा प्रश्न येणार. यावर ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. पौलाच्या काळात करिंथच्या मंडळीतही नव्हतं. नैवेद्याच्या अन्नावर त्याने अख्खा अध्याय लिहिला आहे. आपलं आपण आधी ठरवून ठेवावं, म्हणजे ऐनवेळी चेहरा पडत नाही. मी आरतीला उभी राहत नाही, प्रसाद घेत नाही. पण आदल्या दिवशी वहिनींकडे मोदकांच्या पाऱ्या करायला बसते. प्रसादाच्या वेळी हात जोडून म्हणते, "वहिनी, हे मी घेत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण चहा घेतल्याशिवाय जाणार नाही." इतक्या वर्षांत कोणी रागावलं नाही. लोकांना नकाराचं एवढं लागत नाही, नाक मुरडलेलं मात्र लागतं.

दुसऱ्याच्या देवाबद्दल, पूजेबद्दल वाईट शब्द काढायचा नाही, घरात मुलांसमोरही नाही. पौल अथेन्समध्ये मूर्ती पाहून आतून कळवळला होता, पण लोकांसमोर उभा राहिला तेव्हा तुम्ही धर्मशील आहात, इथून त्याने सुरुवात केली.

ऐकायला बसणं

अम्माऊसच्या वाटेवर दोघे शिष्य उदास चालले होते. येशू त्यांच्याबरोबर चालू लागला आणि त्याने आधी विचारलं, तुम्ही कशाबद्दल बोलताय? काय झालं ते त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी त्यांचं सगळं ऐकून घेतल्यावरच तो बोलला.

म्हणून पहिल्या चार-पाच भेटींत नुसतं ऐका. काही प्रश्न मला उपयोगी पडले: "तुमच्याकडे कुलदैवत कोणतं? दरवर्षी जाता का?" "आई गेल्यावर तुम्हाला कशाने धीर आला?" "तुम्ही प्रार्थना करता तेव्हा काय मागता?" हे प्रश्न खरोखर जाणून घ्यायचे असतील तरच विचारा. एका सहकाऱ्याने मला वारीची हकिकत तासभर सांगितली होती. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी गेल्यावर कळस दिसला तेव्हा तो रडला होता. ते ऐकल्यावर मला कळलं की देवाला भेटायची ओढ म्हणजे काय हे मी या माणसाला शिकवायची गरज नाही. माझ्या सांगण्याची सुरुवातच त्यामुळे बदलली.

आपली हकिकत, आपल्या मराठीत

आता मुख्य काम. कागद-पेन घ्या आणि आपली साक्ष लिहून काढा, तीन मिनिटांत सांगता येईल एवढी. तिचे भाग साधे ठेवा: काय होतं, येशू त्यात कसा आला, मग काय बदललं, आणि काय अजून बदललेलं नाही. शेवटचा भाग गाळू नका. सगळं छान झालं असं सांगणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ते खरंही नसतं.

मी पहिल्यांदा लिहिलेली साक्ष अशी होती:

"मी जगाच्या मार्गाने चालणारी पापी होते. प्रभूने आपल्या मौल्यवान रक्ताने मला विकत घेतलं. माझं तारण झालं, मी नव्याने जन्मले आणि पवित्र आत्म्याने भरले. प्रभूचं नाव धन्यवादित असो."

मंडळीत याच्यावर तीनदा आमेन पडला असता. मी ती शाळेतल्या एका मैत्रिणीला वाचून दाखवली आणि काय कळलं ते विचारलं. ती गप्प राहिली, मग हळूच म्हणाली, "बाई, तारण म्हणजे? सोनं तारण ठेवतात ते?"

त्या एका प्रश्नाने माझे डोळे उघडले. आपण मंडळीत जी मराठी बोलतो तिचे बरेच शब्द बाहेर वेगळ्याच अर्थाने नांदतात. "तारण" म्हणजे कर्जासाठी बँकेत ठेवलेली वस्तू. "नवा जन्म" म्हटलं की पुनर्जन्म, चौऱ्याऐंशी लक्ष योनी. "आत्मा" म्हणजे मेलेल्या माणसाचा, आणि "आत्म्याने भरले" म्हणजे अंगात आलं. "वचन" म्हणजे दिलेला शब्द. "साक्ष" कोर्टात देतात. "मंडळी" म्हणजे जमलेली माणसं, नाहीतर कोणाची तरी बायको. "कोकरा", "रक्ताने धुणं" हे तर शाकाहारी घरात ऐकून माणूस दचकतो. आपसांतही हे एक नाही: प्रोटेस्टंट "वधस्तंभ" म्हणतात, कॅथलिक "क्रूस" म्हणतात. हे शब्द चुकीचे नाहीत. आपल्या आजी-आजोबांनी ते जिवापाड जपले. पण शेजारणीसाठी ते उलगडून सांगावे लागतात, आणि उलगडताना पुष्कळदा आपल्यालाच त्यांचा अर्थ पहिल्यांदा कळतो.

दुसऱ्यांदा लिहिलं ते असं:

"वडील गेल्यावर दोन एकर रानावरून माझं धाकट्या भावाशी बिनसलं. सहा वर्षं बोलणं नव्हतं. त्याच्या मुलीच्या लग्नालाही मी गेले नाही. आणि या सहा वर्षांत एक रविवार चर्च चुकवलं नाही. एके दिवशी उपासनेत येशूचं एक सांगणं वाचलं गेलं: देवाला काही वाहायला आलात आणि भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे हे आठवलं, तर ते वाहायचं तिथेच ठेवा, आधी जाऊन त्याच्याशी समेट करा. लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. त्या दिवशी मला बाकावर बसवेना. देव मला माफ करतो म्हणून मी दर रविवारी त्याचे आभार मानत होते आणि भावाचा फोन उचलत नव्हते. दुपारच्या एसटीने गावी गेले. तो गोठ्यात होता. मला पाहून काही बोलला नाही, फक्त बसायला पोतं झटकून दिलं. आम्ही दोघंही रडलो. रानाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही आणि मला अजूनही कधीकधी राग येतो. पण मी एकटीच्या बळावर त्या एसटीत बसले नसते. येशू जिवंत आहे असं मी म्हणते तेव्हा मला तो दिवस आठवतो."

यात पाप आहे, क्षमा आहे, पश्चात्ताप आहे. त्यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. तुमची हकिकत याहून साधी असेल. जन्मापासून ख्रिस्ती घरात वाढलेले बरेच जण म्हणतात, "माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही." परीक्षेत नापास झालात तेव्हा, बाळंतपणात, कोविडमध्ये ऑक्सिजनच्या रांगेत, तुम्ही कोणाला हाक मारली आणि काय झालं? तेच लिहा. आणि जे घडलं नाही ते घालू नका. चमत्कार वाढवून सांगण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. ती खोटी साक्ष आहे आणि दहा आज्ञांत तिच्यावर स्पष्ट बंदी आहे.

लिहून झालं की ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या जवळच्या माणसाला वाचून दाखवा आणि कुठे अडखळलं ते विचारा. मंडळीतल्या माणसाला दाखवून उपयोग नाही, त्याला सगळंच कळतं.

मराठीत सांगण्याची ही धडपड आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून गोव्यात आले आणि त्यांनी येशूची कथा चक्क ओवीत रचली. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षं बायबलचं साध्या बोलीत भाषांतर करण्यात घालवली, खेड्यातल्या अल्पशिक्षित बायकांना वाचता यावं म्हणून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजनं आणि कीर्तन हाताशी घेतलं. आपल्याला तर जिन्यात उभ्या असलेल्या एकाच बाईला समजेल असं बोलायचं आहे.

बोलायची वेळ

वेळ ओढून आणायची नाही, पण आली तर दवडायचीही नाही. ती बहुधा दोन रूपांत येते. एक, कोणी साधं काही विचारतं. जिन्यातल्या त्या प्रश्नाला आता मी म्हणते, "चर्चला गेलो होतो. काल वाचन ऐकताना एक गोष्ट फार लागली मनाला." एवढं बोलून थांबते. वहिनींना पुढे ऐकायचं असेल तर त्या "काय हो?" म्हणतात. नसेल तर "अच्छा" म्हणतात आणि भाजीचा भाव विचारतात. दोन्ही चालतं.

दुसरी वेळ दुःखाची. तेव्हा फार जपा. मयताच्या घरी बोलायचं नसतं. जायचं, बसायचं, चहा-पोहे करून न्यायचे. विषय काढायचाच असेल तर आधी परवानगी मागा: "अशाच एका वेळी मला कशाने धीर आला ते सांगू का? नको असेल तर नुसती बसते." हा "सांगू का?" खरा हवा, नकोच्या तयारीचा.

व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये वचनं, व्हिडिओ टाकू नका. पन्नास जणांना पाठवलेलं कोणाचंच नसतं आणि एखाद्याला ते टोचतं. एका माणसाला, त्याच्या त्या दिवसाला धरून, स्वतः टाइप केलेल्या दोन ओळी पाठवा.

जे प्रश्न येतातच

"तुमच्याकडे धर्म बदलायला पैसे देतात ना?" हा प्रश्न हसत हसत येतो, पण विचारणाऱ्याच्या मनात तो खरा असतो. चिडू नका. "मला कोणी दिले नाहीत आणि मी कोणाला देत नाही. कोणी कुठे देत असेल तर ते पाप आहे असं मी मानते." एवढं पुरे.

"इंग्रजांचा धर्म" असं कोणी म्हणालं तर येशू आशिया खंडातला यहुदी होता, आणि केरळात ख्रिस्ती लोक इंग्रज यायच्या कित्येक शतकं आधीपासून आहेत, हे शांतपणे सांगता येतं. मिशनऱ्यांच्या आणि राजवटीच्या चुकांबद्दल कोणी बोललं, गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल विचारलं, तर सारवासारव करू नका. झालं ते वाईट झालं म्हणा.

"सगळे देव एकच ना?" हा सगळ्यांत अवघड, कारण विचारणारा प्रेमाने विचारतो आणि आपण हो म्हणावं अशी त्याची इच्छा असते. मी वाद घालत नाही. म्हणते, "सगळ्यांचं मला सांगता येणार नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. येशूबद्दल मात्र मला एक गोष्ट वेगळी वाटते. मी देवाकडे जायच्या आधी तोच मला शोधत आला. एक गोष्ट सांगू?" मग लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा सांगते: जमिनीचा हिस्सा जिवंत बापाकडे मागून घेणारा, उधळून टाकणारा, आणि दुरून दिसताच ज्याच्याकडे म्हातारा बाप धावत गेला तो. वाटणीचं दुःख प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. गोष्ट संपल्यावर मी तात्पर्य सांगत नाही. बाप धावला, इथेच थांबते.

उत्तर येत नसेल तर "मला माहीत नाही, विचारून सांगते" म्हणा आणि खरोखर विचारून सांगा. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या आंधळ्यालाही सगळ्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

आजारी माणसासाठी प्रार्थना

इथे माझी चूक सांगते. समोरच्या घरातल्या सासूबाई दवाखान्यात होत्या. मी भेटायला गेले, खाटेपाशी उभी राहिले आणि कोणाला न विचारता त्यांच्या कपाळावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना सुरू केली. त्यांच्या नाकात नळी होती, हात सुईने बांधलेला. शेजारच्या खाटांवरची माणसं बघत होती. डोळे उघडले तेव्हा सूनबाई, म्हणजे आमच्या त्याच वहिनी, उशाशी ठेवलेला दत्ताचा छोटा फोटो साडीच्या पदराने पुसत होत्या, माझ्याकडे न बघता. त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्यांचं दार माझ्यासाठी अर्धंच उघडायचं.

जी बाई कूस बदलू शकत नव्हती, ती मला "नको" कसं म्हणणार होती? मी जाऊन माफी मागितली, "तुम्हाला विचारायला हवं होतं" म्हणाले. माफी मागण्यात कमीपणा नाही, उलट तीच अनेकदा पहिली खरी साक्ष ठरते.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. घरच्यांना बाजूला विचारायचं, "मी घरी रोज यांच्यासाठी प्रार्थना करते. इथे हळू आवाजात केली तर चालेल का?" हो म्हणाले तर तीन-चार वाक्यं, साध्या मराठीत, डॉक्टर आणि नर्ससाठीही. हात ठेवायचा नाही. बरं होईलच असं आश्वासन द्यायचं नाही. आणि औषध बंद करा हे शब्द कधीही उच्चारायचे नाहीत. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा त्यात गुन्हा आहे. कायदा नसता तरी हे वाईटच. सुवार्ता लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

बरोबर वाचणं

कोणी "मला वाचायला काही द्या" म्हणालं तर सहासष्ट पुस्तकांचं जाडजूड बायबल देऊ नका. माणूस उत्पत्तीपासून सुरू करतो आणि लेवीयात थांबतो. मार्काचं किंवा लूकचं सुटं शुभवर्तमान पातळ पुस्तिकेच्या रूपात मिळतं. मार्कचे सोळाच अध्याय आहेत, दोन-तीन बैठकींत संपतात. एकेक अध्याय बरोबर वाचा आणि तीनच प्रश्न ठेवा: काय आवडलं? काय पटलं नाही? हा येशू कसा माणूस वाटतो? उत्तर त्यांना देऊ द्या. "पटलं नाही" हा प्रश्न मुद्दाम विचारा.

टिळकांच्या बाबतीत तर एवढंही झालं नव्हतं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या, उतरताना त्याने नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती वाचायला घेतली आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.  दुसरी बाजू लक्ष्मीबाईंची. नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचं घर मोडलं, काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, आणि पुढे १९०० साली स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वाटेने ख्रिस्ती झाल्या. त्यांची ती वर्षं वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. एकाचा आनंद दुसऱ्याच्या घरात काय घेऊन येतो, हे साक्ष देणाऱ्याने विसरू नये.

चर्चला यायची इच्छा कोणी दाखवली तर आधी सांगून ठेवा: किती वेळ लागेल, कुठे बसायचं, गाण्याच्या वेळी उठतात. अर्पणाची पिशवी पुढे येईल, तिच्यात काही टाकायची गरज नाही. प्रभुभोजनाच्या वेळी नुसतं बसून राहायचं. शेजारी तुम्ही बसा. आणि उपासना संपल्यावर दहा जणांनी घेराव घालू नये म्हणून आपल्या लोकांनाही आधीच सांगा.

पैसा, कायदा, बाप्तिस्मा

मदत आणि सुवार्ता एकाच हातात ठेवू नका. शेजाऱ्याला फी भरायला पैसे दिलेत तर त्या महिन्यात येशूचा विषय काढू नका. बाप्तिस्मा घेतला तर नोकरी, शाळेत प्रवेश, लग्न, बरं होणं, यातलं काही मिळेल असं सुचवणंसुद्धा सुवार्तेचा सौदा करणं आहे.

राज्यघटनेच्या २५व्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. तेव्हा सांगणं आपलं, ठरवणं त्याचं. माझ्या कसोटीहून हे वेगळं नाही. हेतुपुरस्सर द्वेषाने दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली गुन्हा आहे. याशिवाय अनेक राज्यांत धर्मांतराविषयी स्वतंत्र कायदे आहेत, ते एकसारखे नाहीत आणि बदलत असतात. म्हणून बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली की पाळकांनी आणि त्या व्यक्तीने आपल्या राज्यातला त्या वेळचा कायदा वकिलाकडून समजून घ्यावाच. अठरा वर्षांखालच्या मुलांशी आईवडिलांच्या परवानगीशिवाय हा विषय नको.

एक गोष्ट आपल्याकडे बोलली जात नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. ख्रिस्ती झालेल्या दलित माणसाचा तो दर्जा जातो, आणि त्याबरोबर शिक्षण-नोकरीतलं त्या प्रवर्गाचं आरक्षणही. अनुसूचित जमातींना तशी धर्माची अट त्या यादीत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो. पण बाप्तिस्मा घेऊ पाहणाऱ्याला, त्याच्या मुलांच्या शिक्षणावर काय परिणाम होईल हे आधी न सांगणं हा त्याहून मोठा अन्याय आहे. येशूने म्हटलं होतं की बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करा. त्या हिशेबाला आपणही त्याच्याबरोबर बसावं. घाई करू नका. घरच्यांना माहीत असू द्या, चोरून काही नको. त्याने सहा महिने किंवा दोन वर्षं मागितली तर द्यावी.

"नाही" आल्यावर

बहुतेक वेळा "नाही"च येईल, किंवा काहीच येणार नाही. चिठ्ठीवरचं नाव खोडू नका, फक्त विषय मिटवा. पुन्हा आपणहून काढू नका. फराळाचं ताट मात्र त्या वर्षीही गेलं पाहिजे, आणि ते वेळेवर गेलं पाहिजे.

समोरच्या वहिनींना मी दोन वर्षांपूर्वी विचारून लूकचं पुस्तक दिलं. त्यांनी ते घेतलं आणि टीव्हीशेजारच्या कपाटात ठेवलं. अजून उघडलेलं दिसत नाही. मी विचारलेलं नाही. यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी पाऱ्या करता करता त्या म्हणाल्या, "सासूबाईंचा पुन्हा ताप चढतोय. तुम्ही घरी म्हणता ना प्रार्थना, त्यात त्यांचं नाव घ्या." मी हो म्हटलं, हात धुतले आणि नारळ खवायला घेतला.